तेलकट भुसा

आकुर्डीच्या आमच्या घरामागे वडिलांनी खताचा खड्डा केला होता. त्यात शेण, पालापाचोळा, भाजीची देठं कुजायची. वरचं पोतं उचललं की अळ्यांची वळवळ दिसायची आणि मी तोंड फिरवून लांब पळायचो. त्याच खतावरची वांगी मात्र मी मिटक्या मारत खायचो.

एकदा वडिलांनी कंपनीतून पोतंभर भुसा आणून खड्ड्यात ओतला. मशीनखालचं तेल टिपलेला तो भुसा फुकट मिळाला, एवढंच त्यांना दिसलं. थोड्याच दिवसांत अळ्या मेल्या आणि खड्ड्याला वडिलांच्या कामावरच्या शर्टासारखा घाणेरडा वास येऊ लागला. तरी ते खत वांग्यांना घालायला निघाले. आईने घमेलं हिसकावलं.

“अळ्या मेल्या त्याने. आता पोरांच्या पोटात घालताय होय?”

जन्मात पहिल्यांदा मला त्या अळ्या परत हव्याशा वाटल्या.