उस्ताद आणि दोन वर्षांची कंपनी

कुठलंही यंत्र समोर आलं की उस्ताद आधी त्याचा वास घ्यायचे. खरंच, नाक लावून! मग डोळे मिटून, ते बनवणाऱ्याचा स्वभाव सांगायचे. आमच्या ऑफिसातला एसी उघडल्यावर म्हणाले होते, "हा बनवणारा घाईत होता, भाऊ. घरी पाहुणे आले असतील." मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. नाव हसन, पण सगळे त्यांना उस्तादच म्हणत. आमचा दोघांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो कुवेती मालक, एकच. मी त्याच्या कुवेत सिटीतल्या ऑफिसात कारकून आणि उस्ताद फिंतासला, त्याच्या घरामागच्या गॅरेजात. सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट.

कफीलला जुन्या गाड्यांचा भारी नाद. एकदा अमेरिकेहून लाकडी खोक्यातून एक गाडी आली. केवढी? एवढीशी! दोन सीटा एकामागे एक, हवेवर थंड होणारं इंजिन आणि मागची चाकं फिरवायला चक्क चामड्याचे पट्टे. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कुणीतरी गरिबालाही परवडेल अशी मोटार काढायला निघाला होता, ती ही. मला हसू आलं. उस्तादांनी वास घेतला आणि ब्रेक दाबून पाहिला. मग म्हणाले, "हसू नका. पत्र्यात काटकसर केलीय, पण ब्रेकात नाही केली. भला माणूस होता."

कफील छातीवर हात ठेवून म्हणाला, "ही चालू कर, दुसऱ्या दिवशी तुझी रजा." उस्तादांना रजा हवीच होती. एकुलत्या एक लेकीचा, झुबेदाचा निकाह ठरला होता, चार महिन्यांनी. "ती जन्मली तेव्हा मी इथे," ते मला म्हणाले. "शाळेत घातली तेव्हा इथे. निकाहाला तरी बाप दिसायला हवा की नको?"

सुट्या भागांसाठी अमेरिकेला इंग्रजीत पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. कुठल्याशा वाचनालयातून एकच उत्तर आलं: ही कंपनी दोन वर्षं चालली आणि बंद पडली, नकाशे नाहीत, काही नाही. मी ते वाचून दाखवलं. उस्ताद हळहळले. "दोन वर्षं? म्हणजे आपली एक रजा ते दुसरी रजा. तेवढ्यात बिचाऱ्याने कारखाना काढला नि बुडवला पण!" त्या दिवसापासून ते त्याच्याविषयी घरच्या माणसासारखं बोलू लागले. स्क्रू फिरवताना "काय रे बाबा, इथे काय होतं तुझ्या मनात?" असं विचारायचे. जणू तो पलीकडे पाना धरून बसलाय.

पट्टे कुजले होते. गावी उस्तादांच्या चुलत्याची पिठाची गिरणी होती. गिरणीचा पट्टा तुटला की तिरका कापून जसा शिवतात, तसे त्यांनी नव्या चामड्याचे पट्टे शिवले. आणि तिसऱ्याच महिन्यात गाडी फटफटत अंगणाबाहेर पडली. इथेच चुकलं. शहाण्या माणसाने रजा हवी त्याच्या आदल्या दिवशी चालू केली असती! पण यांना कुठला धीर? लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

कफीलने त्यांना मिठी मारली आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गाडीचं नाव घातलं. प्रदर्शन नेमकं निकाहाच्याच शुक्रवारी. माणूस दुष्ट नव्हता, हीच तर पंचाईत. रोज खजूर पाठवायचा, भावासारखा बोलायचा. रजेचं काढलं की म्हणायचा, "बुक्रा, इन्शाल्ला." उद्या, उद्या. आणि खरंच, कंपनी नाही, पुस्तक नाही. जगात ती गाडी कळणारा माणूस उरला एकच, आणि तो आमचा.

"बिघडवून टाका ना," मी चिडून म्हणालो.

"बिघडली तर दुरुस्तीला थांब, चालली तर चालवायला थांब. काय फरक, सांगा?" मग हळूच म्हणाले, "आणि त्या बनवणाऱ्याचं एवढंच तर उरलंय जगात. मी कसं मोडू?"

सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असत आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. रजेच्या कागदावर कफीलची सही नसताना नुसता पासपोर्ट घेऊन काय होणार, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगू? भीती वाटली. माझीही पोरं शिकत होती.

गुरुवारी दुपारी उस्ताद ऑफिसात आले. त्यांच्यात निकाहाला बाप हजर नसेल तर त्याने आपला हक्क दुसऱ्याला द्यावा लागतो. ट्रंक कॉल लागला, लाइनवर नुसती खरखर. "माझ्या लेकीचा निकाह लावायचा हक्क मी इब्राहिमला देतो!" ते ओरडले. इब्राहिम म्हणजे धाकटा भाऊ. पलीकडे ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा ऑफिसातले टाइपरायटर थांबले होते आणि मी खाली मान घालून कोऱ्या कागदावर रेघा ओढत होतो.

शुक्रवारी मी प्रदर्शनाला गेलो. मागच्या सीटवर कफील हात हलवत होता आणि पुढे उस्ताद, सरळ समोर बघत. पट्टा एकदाही घसरला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र वाजवता येईनात.

दोन महिन्यांनी रजा मिळाली. कफीलने लेकीसाठी सोन्याचं घड्याळही दिलं. उस्ताद परत आले तेव्हा मी विचारलं, "झुबेदा कशी आहे?"

"खूश आहे. सासर चांगलं आहे." ते म्हणाले. "दारात आली, डोक्यावरची ओढणी सावरत. मला खुर्ची दिली. मग आतून विचारते, 'अब्बा, चहात साखर किती घालू?'"

मी हसून म्हणालो, "मग? किती सांगितली?"

"तिला ठाऊक नाही, भाऊ," उस्ताद म्हणाले. "एकुलती एक लेक माझी. ठाऊक व्हायला मी घरी होतो कधी?"