कुशाबाई आणि खांबावरचा डोळा

हे ओझरच्या विघ्नहरा, कुकडीच्या काठी बसून तू येणाऱ्याजाणाऱ्याची विघ्नं झेलतोस. पायी चालणाऱ्याची झेलतोस, गाडीवाल्याचीही झेलतोस. तुझ्या दारी भक्ती येते, आणि भक्तीचा पदर धरून कधी मत्सरही येतो. तुला तो दिसतो, तरी तू दार लावून घेत नाहीस. त्या तुझ्या थोरपणाला वंदन करून येडगावच्या कुशाबाईची कथा सांगतो.

कुशाबाई खोडदची लेक, येडगावची सून. नवरा हौशीराम, नावासारखाच हौशी. आणि त्याची सारी हौस एका पिकअपच्या चाकांत. शेतातले टोमॅटो क्रेटमध्ये भरायचे, कुशाबाईला शेजारी बसवायचे आणि नारायणगावच्या बाजाराची वाट धरायची, हा त्यांच्या संसाराचा परिपाठ. हौशीरामाने गाडी दामटली की कुशाबाईचा उजवा पाय आपल्या बाजूच्या पत्र्यावर रुतायचा. तिथे ब्रेक नाही हे तिला ठाऊक होते; तरी ती दाबायची. दाबायची आणि म्हणायची, “अवं, सावकाश.”

लग्न झाल्यापासूनचा तिचा हा जप. हौशीराम हसायचा. “तू बस गप. गाडी वळखती मला.”

मग महामार्गाच्या कडेला, उज्ज्वलाच्या चहाच्या टपरीसमोर, खांबावर वेग टिपणारा कॅमेरा बसला. त्याने हौशीरामाला लगेच धरले. मोबाईलवर चलान आले, चलानासोबत फोटो आला. सून वृषालीने तो बोटांनी मोठा केला आणि ती खुदकन हसली.

“आत्या, तुमी बी हायसा यात! आन् तोंड उघडं हाय तुमचं. जांभई देत व्हता का?”

“जांभई कसली! सावकाश म्हणत व्हते मी.”

सारे घर हसले. हौशीरामही हसला; पण दुसऱ्या दिवशी तो खांब दुरून दिसताच त्याचा पाय सैल पडला. गाडी गोगलगाय झाली. मान किंचित लवलेली, ओठ मिटलेले, जणू देवळाचा उंबरा ओलांडतो आहे. कुशाबाई पाहत राहिली आणि तिच्या पोटात आग पेटली. ज्या शब्दासाठी तिने घसा कोरडा केला, तो शब्द याला कधी ऐकू आला नाही. आणि त्या मुक्या खांबापुढे हा असा नमला! त्या खांबाने कधी याला भाकरी थापून वाढली? कधी तापात याच्या उशाशी तो जागला?

“त्यो काय तुमचा सासरा हाय का वर बसलेला?” ती म्हणाली. “माझ्या बापापुढं बी एवढी मान लवली न्हाई तुमची.”

“तुझा बाप कुठं फोटू काढीत व्हता?”

खांब मागे पडला आणि पिकअप पुन्हा उधळली. आता कुशाबाईने घाबरायचे. पण खरे सांगू? तिला बरे वाटले. वैऱ्याचे राज्य एवढ्यावरच संपते, हे पाहून तिचे मन सुखावले. मत्सर असा असतो, सज्जनहो! जीव मुठीत धरलेला, आणि तरी दुसऱ्याच्या फजितीवर हसू फुटते.

उज्ज्वलाकडे चहाला थांबले की हे दुखणे आणखी चिघळायचे.

“कुशाताई, खांब आल्यापासनं लई बरं झालं बघा. पयलं आमच्या दारापुढं सारखं कायतरी आपटायचं. आता रस्ता वलांडताना छाती धडधडत न्हाई.”

ते खरे होते, आणि खरे होते म्हणूनच कुशाबाईला चहा गोड लागेना. तिने अर्धा कप तसाच ठेवला.

चतुर्थीला ती ओझरला गेली. कुणी लेकरू मागत होते, कुणी पाऊस. हिने हात जोडून मागितले, “देवा, त्या खांबाचा डोळा फोड. मंग बघू, हे कुणाचं ऐकत्यात.”

देवाने ऐकले म्हणावे की वाऱ्याने? त्याच आठवड्यात वादळात खांबाची तार तुटली. बाजारात बातमी पसरली, ड्रायव्हर एकमेकांना सांगू लागले, “आंधळा झालाय राव! हाणा बिनघोर!” कुशाबाईला हर्ष झाला. आता त्या रस्त्यावर तिच्या शब्दाला कुणी भागीदार उरला नव्हता. रिकामे क्रेट घेऊन दोघे परत निघाले. खांब दिसू लागला. हौशीरामाचा पाय मात्र सैल पडला नाही.

“अवं, सावकाश!”

“बंद हाय त्यो.”

“मी चालू हाय न्हवं!”

तेवढ्यात दुधाची किटली घेऊन उज्ज्वला रस्त्यावर उतरली; खांबाच्या भरवशावर, इकडेतिकडे न बघता. हौशीरामाने अंगाचा सारा भार ब्रेकवर टाकला. टायर किंचाळले, क्रेट केबिनवर आदळले, पिकअप तिरपी होऊन थांबली. किटली चाकाखाली चेपली होती. उज्ज्वला हातभर अंतरावर उभी होती, आणि दूध डांबरावरून वाहत होते.

“दादा,” ती कशीबशी म्हणाली, “तुमी तर रोज हळू येता.”

कुशाबाई खाली उतरली, उज्ज्वलाला तिने छातीशी धरले आणि ढसाढसा रडली. “पोरी, त्या खांबाचा डोळा जावा म्हणून म्याच देवाला साकडं घातलं व्हतं गं!”

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाला सोबत घेऊन ती वाहतूक पोलिसांच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. तिथल्या बाबूला नवल वाटले. “मावशी, लोक कॅमेरा काढा म्हणून भांडायला येतात. तुम्ही दुरुस्त करा म्हणताय?”

“माझं आन् त्याचं जमत न्हाई, साहेब,” कुशाबाई म्हणाली. “पण त्यानं यावं.”

त्या संध्याकाळी येडगावच्या धरणाकडच्या वळणावर, जिथे ना खांब ना कॅमेरा, हौशीरामाने आपणहून गाडी हळू केली. कुशाबाई अजून काही बोललीसुद्धा नव्हती. ती त्याच्याकडे वळली.

“कुणासाठी हळू केली? माझ्यासाठी का?”

हौशीरामाला खोटे बोलता आले नाही. “उज्ज्वलाची किटली आली गं डोळ्यापुढं.”

घटकाभर कुशाबाईला त्या चेपलेल्या किटलीचाही हेवा वाटला. मग तिने पदर सावरला. “ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “किटली तर किटली.”

देवा, या माउलीचे कुंकू अखंड राहो. हौशीराम रोज बाजाराला जावो आणि रोज धडधाकट घरी येवो. वृषालीच्या हसण्याने ते घर भरलेले असो, उज्ज्वलाचे दूध चुलीवर खुशाल उतू जावो, पण रस्त्यावर न सांडो. आणि कुशाबाईचा तो मत्सर, तो थोडा तिच्यापाशी राहू दे. तो तिच्या प्रेमाच्याच पोटचा आहे. त्या घरादाराचे, त्या लेकरांचे, त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण असो.