दोन बहिणींचं बोलणं

पुण्याजवळ मारुंजीत मी भाड्याने राहायचे तेव्हा खालच्या मजल्यावर घरमालकीण मावशी असायच्या. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. मी वर बसून कंपनीचं काम करायचे आणि दुपारी जेवण झालं की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. समोर नव्या इमारतींच्या क्रेन संथ फिरत असायच्या. मावशींना मात्र तिथे अजून ज्वारीच दिसायची. "आत्ता हुरड्यात आली आसंल," त्या म्हणायच्या, आणि मीही नकळत तिकडे बघायचे.

एकदा मी सहज विचारलं, "मावशी, तुमच्या बहिणीचा फोन येत नाही का हो कधी?"

धाकटी बहीण देहूला दिलेली होती.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तिला आता ऐकू येत न्हाई. कानाचं मशीन लावून बघितलं, काय उपेग न्हाई. मी बोलायची, ती नुसती हॅलो हॅलो करायची. येक दिस रडायलाच लागली. मंग सोडून दिलं."

देहू काही लांब नव्हतं. पण भेटल्या तरी एकीला ऐकू यायचं नाही, दुसरीला खुणा दिसायच्या नाहीत. दोघी नुसत्या हात धरून बसायच्या.

माझं काम मोबाइलची अ‍ॅप तपासण्याचं. फोन बोललेलं लिहून देतो, लिहिलेलं वाचून दाखवतो, हे माझं रोजचंच. पण या दोघींच्या मध्ये तो ठेवावा हे त्या दुपारी सुचलं. मावशींच्या फोनवर बोललेलं लिहून पाठवणारी आणि आलेलं वाचून दाखवणारी सोय चालू केली. बोलताना बोट कुठे ठेवायचं ते कळावं म्हणून काचेवर माझी एक टिकली चिकटवली. रविवारी देहूला गेले आणि बहिणीला सगळं कागदावर लिहून समजावलं. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या, हळूहळू पण नीट वाचायच्या, लिहायच्या.

फोनला मावशींची बोली कळेना. 'बरी हाय' म्हटलं की तो 'बारी है' लिहायचा. मी म्हटलं, "मावशी, जरा पुस्तकासारखं बोलून बघा."

"मी न्हाई बोलनार. तिला कळतंय."

आणि खरंच कळलं. संध्याकाळी उत्तर आलं. फोनने ते एका शहरी बाईच्या सपाट आवाजात वाचलं, "आक्का तू जेवलीस का." मावशींनी फोन लांब धरला.

"ही कोन? ही माझी बहीन न्हाई."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चुका शोधायचा मी पगार घेते, आणि एवढं साधं सुटलं होतं. बहिणीला ऐकू येत नव्हतं, बोलता तर येत होतं! मी त्यांना लिहून कळवलं, तुम्ही लिहू नका, आवाज पाठवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आवाज आला. स्वतःचाच आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाचा, मोठ्ठा, सगळ्या ओट्यावर घुमणारा. "आक्का! मी बोलतीया गं! येतंय का ऐकू?"

मावशींनी फोन गालाला लावला. तो आवाज पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा. मग म्हणाल्या, "आईसारका झालाय गं हिचा आवाज."

पुढे पुढे माझी गरज उरली नाही. जेवल्यावर टिकली चाचपून त्या आपल्या आपणच सुरू व्हायच्या. सांगायच्या काय, तर स्वप्नं. स्वप्नात त्यांना सगळं दिसायचं. "काल तू आलीवतीस. नदीवर हिरवं लुगडं धूत व्हतीस, पानी पार हिरवं झालं."

थोड्या वेळाने देहूहून आरडाओरडा यायचा, "हिरवं तुझं व्हतं! माझं जांभळं!"

तो वाद तीन दिवस चालला. मी डोळे मिटून ऐकत बसायचे. ते लुगडं कधी हिरवं व्हायचं, कधी जांभळं, आणि पाण्यावरून लांब लांब जायचं. त्यात एकदा माझी दोनची मीटिंग चुकली.