पंचवीसच्या आतले साडूभाऊ

अख्ख्या नाशकात रिकाम्या चौकात, चारी बाजूंनी एकही गाडी येत नसताना, लाल दिव्यापुढे थांबून राहणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझाच साडू निघाला. मागचे लोक हॉर्न वाजवत, कुणी शेलक्या शिव्या देत. हे आपले एक पाय टेकून हिरव्याची वाट बघत उभे. त्यांच्या स्कूटरवर मागे मी असलो की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझी बायको त्यांच्या बायकोची धाकटी बहीण, त्यामुळे सासरी ते थोरले जावई आणि मी उरलेला. सातपूरच्या एका कारखान्यात ते माल तपासायला होते. माप बरोबर असेल त्या मालाला हिरवा टॅग, केसाएवढा फरक असला तरी लाल. घरी आले तरी खिशात लाल टॅग असायचेच. सासरचं भिंतीवरचं घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं हे त्यांनी दिवाळसणाला शोधून काढलं आणि खिळ्याला टॅग अडकवला, ‘नापास’. सासूबाई म्हणाल्या, थोरल्या जावयांनी बांधलंय, राहू द्या. घड्याळही राहिलं, टॅगही राहिला, आणि आमच्या एस.ट्या चुकत राहिल्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कारखान्यात त्यांना एकदा आकडी आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, फक्त गाडी चालवू नका म्हणाले. दुसरा कुणी असता तर महिनाभर दम खाऊन गपचूप किक मारली असती. हे दुसऱ्या दिवशी आरटीओत लायसन परत करायला हजर. खिडकीवरच्या बाईंना आधी वाटलं लायसन हरवलंय, मग वाटलं पत्ता बदलायचाय. शेवटी त्या म्हणाल्या, काका, इथं लोक लायसन घ्यायला येतात, द्यायला कुणी येत नाही. साडूभाऊ तीन तास उभे राहिले, कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला आणि पोच घेऊनच घरी आले. स्कूटर मला दिली. सोबत सूचनांची दोन पानं दिली, ती मी अजून वाचलेली नाहीत.

स्कूटर गेली आणि त्यांचा रविवार गेला. सायखेड्याला त्यांची थोरली बहीण होती, आक्का. आई लवकर गेलेली, तेव्हा तिनंच यांना कडेवर घेऊन वाढवलेलं. दर रविवारी तिच्या हातची भाकरी खाऊन यायचं हा यांचा नेम. आता एस.टी.त त्यांना मळमळायचं, आणि रिक्षात ते बसत नसत, कारण नाशकातला रिक्षावाला मीटर टाकत नाही आणि मीटर नसलेल्या वाहनात बसणं म्हणजे गुन्ह्यात सामील होणं, असं त्यांचं मत. मी स्कूटरवरून नेतो म्हटलं तर माझ्यामागे बसायला तयार नाहीत. मी पिवळ्या दिव्याला वेग वाढवतो म्हणे. झालं, फक्त दिवाळीला आणि राखीला भेट उरली. दहा वर्षं हा माणूस बहिणीसाठी झुरला असं लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, पण झुरला.

आणि मग बाजारात बॅटरीवरच्या सायकली आल्या. साडूभाऊंनी नियमाचं कात्रण कापून पाकिटात ठेवलं, जिथं बाकीचे देवाचा फोटो ठेवतात तिथं. अडीचशे वॅटच्या आतली मोटर, ताशी पंचवीसच्या आतला वेग, म्हणजे सरकारच्या लेखी ते मोटारवाहनच नव्हे. लायसन नको, नंबरप्लेट नको. डॉक्टरांना विचारून आले. इतक्या वर्षांत पुन्हा आकडी नाही, तेव्हा सायकल चालवा, पण बेतानं, असं डॉक्टर म्हणाले. घेतली सायकल. पहिल्याच संध्याकाळी मला औरंगाबाद रोडला बोलावलं. किलोमीटरचे दगड, मनगटावरचं घड्याळ आणि शेजारून स्कूटरवर मी, अशी तपासणी. तीनदा तपासलं. वेग भरला एकतीस.

दुसऱ्या दिवशी दुकानदारापुढे आम्ही उभे. तो पोरगा खुशीत सांगतो, काका, कंपनी वेगाला लगाम घालणारी एक वायर देते, आपण सगळ्या गिऱ्हाइकांना ती काढूनच देतो, फुकट. साडूभाऊंनी ती वायर तिथंच पुन्हा जोडायला लावली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अहो, सायकलला कोण विचारतंय? त्यावर ते शांतपणे म्हणाले, “मास्तर, पंचवीसला मला काही झालं तर मी एकटा पडेन. त्याच्या वर दुसऱ्याला घेऊन पडेन.” मी शाळेत पोरांना चित्रकला शिकवतो, मला रेघ म्हणजे काय हे कळतं अशी त्या दिवसापर्यंत माझी समजूत होती.

पुढचे रविवार सोन्याचे. सायखेडा पंचवीस किलोमीटर, वेग पंचवीस, बरोबर एक तास. वाटेत शाळकरी पोरंसुद्धा त्यांना ओलांडून जात, पण यांची मान ताठ. पोचेपर्यंत बॅटरी संपत आलेली, ती भरायला चार तास, आणि त्यात सायखेड्याचं लोडशेडिंग. यांनी जरा चुळबुळ केली की आक्का म्हणायची, “बस रे बाबू, बॅटरी भरंस्तवर. लय घाई कशाची हाय?” लोडशेडिंगला आशीर्वाद देणारी अख्ख्या निफाड तालुक्यात ती एकटीच बाई असेल.

एका मंगळवारी दुपारी फोन आला, आक्काचं काही खरं नाही, ती बाबूला विचारतेय. मी शाळेत होतो. एस.टी. नुकतीच गेलेली, पुढची दोन तासांनी. त्या दिवशी त्यांनी दोन रिक्षांना हात केला, मीटरची गोष्टही काढली नाही, पण सायखेडा म्हटल्यावर दोघंही रिक्षावाले नाही म्हणाले. तेव्हा साडूभाऊंनी सायकल बाहेर काढली, खाली वाकले आणि ती वायर स्वतःच्या हातानं उपटली. पण वेग वाढला की बॅटरी लवकर संपते. चांदोरीला ती संपली. मग पुलावरून ते धूड एकसष्टाव्या वर्षी पायडल मारत नेलं. एकूण लागली पंचावन्न मिनिटं. आयुष्यभराचा नियम मोडून माझ्या साडूनं कमावली पाच मिनिटं.

आक्का शुद्धीवर होती. सवयीनं यांनी चार्जर लावला, वीज गेलेली होती. तिनं विचारलं, “भरली का रे?” हे म्हणाले, “नाय आक्का, अजून नाय.” तासाभरानं तिनं पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा तेच सांगितलं. दिवेलागणीला ती गेली, तेव्हाही वीज आलेली नव्हती.

तेरावं झाल्यावर मला बरोबर घेऊन हे आरटीओत. साहेबांना म्हणाले, मी विनापरवाना मोटारवाहन चालवलं, दंड घ्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “बहीण भेटली का?” हे म्हणाले, भेटली. “मग जा घरी, काका.” साडूभाऊंचं समाधान झालं नाही. घरी आल्यावर त्यांनी सायकलला टॅग बांधला. वर लिहिलं होतं, ‘सायकल पास. चालक नापास. वेग एकतीस.’ वायर मात्र पुन्हा जोडून टाकली होती.

आता रविवारी जायचं कुठं? तर ते माझ्याकडे यायला लागले. त्यांचं घर ते माझं घर दोन किलोमीटर, त्यात बॅटरी काय संपणार? तरी आल्या आल्या पिशवीतून चार्जर काढून आमच्या बैठकीत लावतात. सुरुवातीला वीस मिनिटांत चार्जरचा हिरवा दिवा लागायचा आणि ते उठायचे. तिसऱ्या रविवारी बायकोनं मला काही न विचारता चार्जरवर नॅपकिन टाकला आणि म्हणाली, “बसा भावजी, बॅटरी भरेपर्यंत.” ते बसले. संध्याकाळपर्यंत बसले. तेव्हापासून दर रविवारी असंच चालतं. चार्जरवर तो नॅपकिन असतो, आणि जन्मभर एकही वस्तू तपासल्याशिवाय न सोडलेला हा माणूस तो उचलून एकदाही बघत नाही.