गुणाजीचा कॅमेरॉन

आमच्या कल्याणच्या चाळीत गुणाजीसारखा भला माणूस नव्हता आणि त्याच्याइतका हट्टीही नव्हता. लोकोशेडमध्ये तो फिटर, मी त्याच शेडच्या कचेरीत कारकून. खोल्या शेजारी शेजारी, त्यामुळे त्याच्या घरातलं भांडण मला कान न देताही ऐकू येई. मी कान देत असे, ही गोष्ट वेगळी.

सत्तेचाळीस साल सरलं तसे शेडमधले गोरे साहेब एकेक करून बोटीला लागले. स्कॉटलंडचा फोरमन कॅमेरॉनसाहेब तेवढा मागे राहिला होता. त्याचं आडनाव कुणाच्याच जिभेवर बसलं नाही, म्हणून सगळे त्याच्या पाळण्यातल्या नावालाच साहेब जोडत. एकदा इंजिनाची वाफेची नळी फुटली, तेव्हा या साहेबानं गुणाजीला मानगुटीला धरून मागे ओढलं होतं. त्या दिवशी गुणाजीनं ठरवून टाकलं की मुलगा झाला तर नाव कॅमेरॉन.

मुलगा झाला, पण त्याच्या आईचं म्हणणं अगदी उलट होतं. मालनची आधीची दोन बाळं वर्षाच्या आत गेली होती. अशा घरी पुढच्या मुलाला धोंडू, दगडू, केरू असलं काहीतरी नाव ठेवायचं, म्हणजे यमाला वाटतं, हे टाकाऊ पोर नेऊन काय करायचं. आधीच्या दोघांची नावं राजाराम आणि जयवंत. ती भारी नावंच भोवली, असं मालनचं ठाम मत होतं. हेही बाळ जाईल या धास्तीनं ती त्याच्याकडे धड डोळे भरून बघतही नसे.

बारशाला गावाहून गुणाजीची बहीण रतन आली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मालननं तिला धोंडू पढवलं आणि गुणाजीनं तिला जरीकाठी लुगडं दाखवलं. रतननं पाळण्यात वाकून कुर्र केलं आणि लुगड्याला जागली. नाव सांगितल्यावर आत्याच्या पाठीत बुक्के मारायची रीत आहे. मालननं त्या दिवशी मारलेले बुक्के रीतीचे नव्हते.

पुढच्याच आठवड्यात बाळ तापलं. डॉक्टर येऊन औषध देऊन गेला, पण मालनला औषधाशी देणंघेणं नव्हतं. चाळीतल्या बायका येऊन कौतुकानं म्हणायच्या, साहेबाचं नाव, केवढं भारदस्त, आणि ती बाळावर पदर ओढायची. तिनं जेवण टाकलं. नाव बदला, एवढंच तिचं मागणं. गुणाजी म्हणे, जिवावर उदार होऊन ज्यानं वाचवलं त्याचं नाव ठेवून परत काढून घेऊ कसा?

शेवटी त्याच्या डोक्यात आलं की नावाचा अर्थ शोधावा. अर्थ जबरदस्त निघाला की बायकोची समजूत पटेल, असा त्याचा हिशेब. बायकोचं दुखणं काय आणि हा औषध कसलं आणतोय, हे मी त्याला समजावून सांगायला हवं होतं. पण साहेबाशी इंग्रजी बोलायची संधी मिळत होती, म्हणून दुभाष्या होऊन निघालो.

बंगल्यावर साहेब सामान बांधत होता. मी पाठ करून नेलेलं वाक्य म्हटलं. त्यावर तो पुष्कळ बोलला. त्यातलं मला अक्षरही कळलं नाही. मी मॅट्रिक आहे, पण ते इंग्रजी असावं असं मला आजही वाटत नाही. माझा चेहरा बघून त्यानं रेल्वेची हिंदी काढली.

"हमारे पहाड का पुराना जबान है. कॅम माने टेढा, स्रोन माने नाक. कोई पुराना आदमी का नाक टेढा था, तो सब खानदान का नाम वही. फिर लडका लोग का भी नाम रखने लगा."

असं म्हणून त्यानं स्वतःचं सरळ नाक बोटानं वाकवून दाखवलं आणि पोट धरधरून हसला.

परतताना गुणाजीचं तोंड पार पडलं होतं. त्यानं वाटेत मला कुणाला सांगू नका म्हणून गळ घातली, आणि घरी बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या मालनला छाती काढून सांगितलं की अर्थ आहे रणात जिंकणारा राजा.

मालनचा चेहराच उतरला. "अजून एक राजा," ती म्हणाली आणि बाळाला छातीशी धरून रडायला लागली.

खोटं बोलणारे मला चालतात, पण मूर्खासारखं खोटं ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी उंबऱ्यातूनच ओरडलो, "वहिनी, राजाबिजा काही नाही. वाकडं नाक. साहेबानं मला स्वतः सांगितलंय."

गुणाजीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की शेजार संपलाच. मालन मात्र रडायची थांबली. तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग बाळाचं तोंड उजेडाकडे वळवून ती त्याचं चिमुकलं नाक निरखत राहिली.

"वाकडंच आहे मेलं," ती म्हणाली आणि इतक्या दिवसांनी हसली. गुणाजीला म्हणाली, नाव राहू द्या, आणि मला जेवायला वाढा.

औषधानं म्हणा, नाकानं म्हणा, ताप उतरला. साहेबाची निघायची वेळ आली तेव्हा मालननं डिंकाचे लाडू केले आणि डबा माझ्या हातात दिला. मी विचारलं, साहेबाला डिंकाचे लाडू कशाला, तो काय बाळंतीण आहे?

"त्याला नाही हो अण्णा, त्याच्या आईला द्यायला सांगा. पोटच्या पोराचं नाव वाकडं नाक ठेवलंन," मालन म्हणाली. "त्या माउलीची आधीची किती गेली असतील?"