सूर्यभानकाकांचं कण्हणं

सूर्यभानकाका म्हणजे अकोटजवळच्या मळ्यात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणारा तिरसट माणूस. लकव्यानं डावी बाजू गेली आणि ते माझ्या हाती आले. अकोटात आमच्या संस्थेचं लहानसं पुनर्वसन केंद्र होतं, तिथली मी फिजिओथेरपिस्ट. व्यायाम करवून घेताना काका करवादायचे, "अनुपमा, मांगच्या जल्मीची दुश्मन हायेस का वं माही?" पण वर्षभरात गडी मळ्यात निंदायला बसू लागला. ते दिवस आठवले की आजही अमरावतीच्या घरी बसून मला एकटीला हसू येतं.

मग अमरावतीहून ईशान नावाचा संशोधक आला. केंद्राचा पेशंटना खरंच उपयोग होतो का, हे तो घरोघर जाऊन तपासणार होता. केंद्र चालू ठेवायचं की नाही, ते त्याच्या अहवालावर ठरणार होतं. आता आमच्याकडची रीतच अशी, की कागद घेऊन कुणी दारात आलं की ते मदत द्यायलाच आलंय आणि मदत हवी तर माणूस आजारी दिसला पाहिजे. काकांच्या बायकोनं, जाईबाईनं, त्यांना खाटेवर निजवलं. काका असे काही कण्हले की ईशानच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्या पेशंटनीही हेच सोंग काढलं. ईशाननं प्रामाणिकपणे लिहिलं, उपयोग नाही.

केंद्र बंद होणार हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. तडक मळ्यात गेले. "काका, माझ्या मेहनतीची माती केली तुम्ही."

काका म्हणाले, "सारेच बरे दिसलो त तुले हटवतीन, असं वाटलं मले."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच एसटीनं अमरावतीला गेले. डाव्या हातात वांग्यांची थैली घेऊन ईशानच्या ऑफिसचे जिने चढले. म्हणाले, "तवा मी खोटाच कण्हून राहिलो होतो, बापू. आता पाहून घे."

महिन्याभरानं ईशान न कळवता पुन्हा आला. पेशंट कुणी बाजारात सापडलं, कुणी शेतात. केंद्र वाचलं. काका मात्र खाटेवरच होते. आदल्याच आठवड्यात दुसरा झटका येऊन वाचाही गेली होती. जाईबाई ईशानला म्हणाली, "साहेब, या खेपेले सोंग नाही जी."

नंतर थोड्याच दिवसांत काका गेले. त्यांची फार आठवण येते. ज्या अहवालानं केंद्र तगलं, त्यात ते 'उपयोग न झालेले पेशंट' म्हणूनच राहिले. ईशानचं काही चुकलं नाही, पाहणीच्या दिवशी घरी जे दिसेल तेच लिहायचं, नियमच तसा होता. पण मला अजून ईशानचा राग येतो.