काचेतला फेटा

चूक बजरंगची. अक्षर वळणदार, तेवढ्या भांडवलावर त्याला आखाडा बाळापूरच्या क्रीडा गौरव दालनात पाट्या लिहायचं काम मिळालं. दालन म्हणजे तालमीशेजारची खोली आणि काचेची दोन कपाटं. कपाटात फेटा दिसला, की बहाद्दरानं कुणाला न विचारता लिहून टाकलं : ‘१९९४च्या जत्रेतली शेवटची कुस्ती जिंकून जळबा पैलवानांनी मिळवलेला मानाचा फेटा.’

२००३ साली, उद्घाटनाच्या सकाळी, झाडता झाडता जळबानं पाटी वाचली आणि झाडू हातातच राहिला.

“जिंकली कवा रे? बराबरीत सुटली ती. उत्तमसिंगसंगं दीड घंटा झुंजलो. इनाम निम्मं-निम्मं केलं, फेटा कसा फाडायचा? म्हणलं, यंदा मी नेतो, पुढच्या जत्रेत तू ने.”

पुढच्या जत्रेला उत्तमसिंग आला नाही. त्यानंतर जळबाचा गुडघा गेला. तेव्हापासून तो तालमीची माती खणायचा, पोरांना डाव शिकवायचा. पाठ टेकवली नसताना टेकवली म्हणणाऱ्या पोराला महिनाभर मातीत पाय ठेवू द्यायचा नाही. आणि आज पाहुणा होता तोच उत्तमसिंग. सेनगावहून जीप निघाली होती. कपाटाची किल्ली अध्यक्ष हरिचंदरावांकडे, अन् हरिचंदराव जीपमध्ये.

“काच फोडू का?” बजरंग म्हणाला.

“फोड. मंग माझ्या नावापुढं चोर बी लिही.”

जीप आली. फीत कापली. उत्तमसिंग एकेक फोटो बघत पुढं सरकू लागला, तसा बजरंग कपाटाला पाठ लावून उभा राहिला.

“सरक,” जळबा म्हणाला. मग सगळ्यांदेखत, “उत्तमसिंग, ही पाटी खोटी हाय. मी तुला पाडलं न्हाई.”

उत्तमसिंगनं पाटी वाचली. पुन्हा वाचली.

“मी लिहिली,” बजरंग कसाबसा बोलला. “त्यांना ठाऊक नव्हतं.”

“पाडलं असतं तर माझ्या पाठीला कळलं नसतं व्हय?” उत्तमसिंगनं मिशीवरून हात फिरवला. “ते जाऊ दे जळबा. माझा फेटा?”

जळबानं हात पुढं केला. “हरिचंदराव, किल्ली द्या.”

“आता कसा द्यायचा? रजिस्टरला चढला. समितीची बैठक घ्यावी लागल.”

बजरंगनं तिथंच उकिडवं बसून नवी पाटी लिहिली : ‘बरोबरीत सुटलेल्या कुस्तीचा फेटा. उत्तमसिंग पैलवानांना देणे आहे.’

दर जत्रेला उत्तमसिंग येतो, काचेपुढं उभा राहतो. “काहून रे, बैठक झाली न्हाई आजून?”

जळबा नुसती काच पुसतो.